होडीला एकच हात

पोहण्याच्या सरांच्या शिव्या मी खाल्ल्या त्या बहुतेक माझ्या उजव्या हातामुळे. बटरफ्लाय प्रकारात तलावाच्या भिंतीला दोन्ही हात एकदम लागावे लागतात आणि माझा मेला उजवा हात नेहमी एकटाच पुढे जायचा. मी पोहायला शिकले ठाण्याच्या खाडीत, बाबांच्या होडीमागे. होडीपाशी आलं की काठाला एकच हात लावायचा, दुसरा पाण्यात हलता ठेवायचा, नाहीतर पाण्याची ओढ पाय धरून होडीखाली नेते. पाच वर्षांची असल्यापासून हे अंगात मुरलेलं.

ठाण्याच्या तरणतलावावर सरांनी ती खोड काढायला दोन वर्षं घेतली. चुकले की पुन्हा दहा फेऱ्या. शेवटी खोड गेली.

जिल्ह्याच्या संघाची निवड चाचणी डोंबिवलीला होती. वयोगटातलं माझं ते शेवटचं वर्ष. आईनं आधीच बजावलं होतं, "निवड झाली तं पव. नाय तं पाटी उचल नि चल माज्याबरोबर बाजारान." ती काही दुष्ट नव्हती. खाडीत मासळी उरली नव्हती, बाबा कारखान्याच्या गेटवर पहारा करायचे, आणि मुंबईहून मासळी आणून विकताना तिचे गुडघे पार गेले होते. पण त्या मासळीच्या पाटीची मला फार धास्ती होती.

चार फेऱ्या होत्या. तिन्ही वळणांना दोन्ही हात बरोबर लागले, मी सगळ्यांच्या पुढे होते. शेवटच्या फेरीत खांदेच संपले. हात पाण्याबाहेर येईनात, नाकातोंडात पाणी गेलं आणि आता बुडते असं वाटलं. खाडीत वाढलेली मी, त्या टाकीएवढ्या पाण्यात बुडायला घाबरले! भिंत दिसली आणि मी ती धरली. एका हातानं.

बोटं टेकली तेव्हाच मला कळलं होतं. बाबांना नाही. इस्त्रीचा शर्ट घालून ते कठड्यापाशी टाळ्या पिटत होते. मी बाद झाल्याचं पुकारलं तसे ते तडक पंचांच्या टेबलाकडे गेले.

"माजी पोर पयली आयली! सगल्यांनी बगला!"

पंच भला माणूस होता. त्यानं टेबलावर आधी दोन्ही तळवे टेकवून दाखवले, मग एकच. "असं चालत नाही, काका."

बाबा त्या एका हाताकडे बघत राहिले. मग येऊन माझ्या शेजारी बसले.

"मीच शिकवला गो तुला तसा."

नाही म्हणायला हवं होतं. सरांनी ती खोड केव्हाच काढली होती, हात गेला तो माझ्या भीतीनं. पण बाबांनी दोष स्वतःवर घेतला आणि मला हलकं वाटलं. त्याची लाज मला आजही वाटते. टॉवेलमध्ये तोंड खुपसून मी नुसती रडत राहिले.

दोन दिवसांनी पाटी डोक्यावर आली. धाकटी बहीण तेव्हा पाच वर्षांची होती. तिला खाडीत कधी नेणार, असं आईनं विचारलं की बाबा म्हणायचे, "मना शिकवता येत नाय."

तिला अजून पोहता येत नाही.