ओठांत ओला केलेला कुंचला

पेणच्या आमच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी माझी वहिनी करायची. कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत ओला करायला मीच तिला शिकवलं. रंग मी रोह्याहून आणायचो. "यात शिसं आहे, तोंडात जाऊ देऊ नका," असं तिथल्या माणसाने बजावलं होतं. आखणी बिघडेल म्हणून मी घरी बोललो नाही.

आता तिचा हात कापतो. डॉक्टर म्हणतात, शिशामुळेच, असं खात्रीने सांगता येत नाही.

काल मी तिला सगळं सांगितलं.

"आता सांगताय व्हय, भावजी? धरा ती मूर्ती नीट."

मांडीवर थरथरणारा तो हात बुबुळाशी गेला आणि निवांत झाला. केसाएवढी रेघ उमटली, कुठेही न हलता.

मग सवयीने कुंचला ओठांकडे निघाला. मी तिचं मनगट धरलं.