ऋतुजाची वाचकबाई

ऋतुजा जिना चढताना वाक्यं म्हणत यायची. आधी तिचा आवाज यायचा, मग ती. "आज बसमध्ये एक आजी... नाही. आज बसमधल्या एका आजींनी... नाही." चौथ्या-पाचव्या पायरीवर वाक्य मनासारखं जमलं की थांबायची, तेच वाक्य एकदा नीट म्हणायची आणि उरलेल्या पायऱ्या दोन-दोन करत वर यायची. चाकणजवळच्या निघोज्यात तिच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहत होते. परभणीहून नोकरीसाठी आले होते. चाकणच्या एका कंपनीत सुटे भाग तपासायचं माझं काम. ऋतुजा तेव्हा दहावीत होती.

तिला इंटरनेटवर रोजनिशी सुरू करायची होती आणि पान कसं तयार करायचं ते कळत नव्हतं, म्हणून ती पहिल्यांदा माझ्याकडे आली.

"वहीत का नाही लिहीत?" मी विचारलं.

"वहीत लिहिलेलं कुणी वाचत नाही. आणि वाचलंच तर घरातलेच वाचतात."

"मग कुणी वाचायला हवंय तुला?"

तिने विचार केला. "कुणीतरी. पण ओळखीचं नको."

आम्ही दोघींनी बसून पान तयार केलं, खोटं नाव घेतलं. उठताना तिने माझा हात धरला. "ताई, तू वाचायचं नाहीस. शपथ घे. तू वाचतेस हे कळलं ना, की मी तुला आवडेल असं लिहायला लागेन."

मी शपथ घेतली आणि आठवडाभर पाळली. आठव्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये, पान नीट दिसतंय का एवढंच बघू, असं स्वतःला सांगत मी ते उघडलं आणि उतरायची वेळ आली तरी वाचत राहिले. शेजारच्या प्लॉटवरची माती नेणारे ट्रक, वर्गातल्या मुलींची भांडणं, वडील ड्युटीवरून आल्यावर न बोलता किती वेळ बूट घालूनच बसतात ते. पोरगी सगळं बघत होती.

संध्याकाळी जिन्यावर वाक्य नव्हतं, नुसती धावपळ होती. "ताई! कुणीतरी वाचलं! पानाखाली आकडा येतो ना, तो एक झालाय!"

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तिचा चेहरा बघून माझी जीभ रेटली नाही.

मग मी रोज वाचू लागले आणि रोज नव्या पानाखालचा आकडा एक व्हायचा. त्या एकावर ऋतुजाने एक अख्खी बाई उभी केली. तिचं नाव ठेवलं वाचकबाई. वाचकबाई डोंगरावरच्या कुठल्यातरी गावात राहायच्या, वाचनालयात काम करायच्या. वय चाळीसच्या पुढे, चष्मा, लग्न केलेलं नाही. सकाळचा चहा झाला की मोबाइल उघडायच्या. "घाईत नसतात त्या," ऋतुजा मला सांगायची. "एकदा वाचून झालं की परत वरपासून वाचतात." मी ते घाईघाईत, बसच्या दांड्याला लटकून वाचायचे. त्या बाईचा मला चक्क हेवा वाटायला लागला.

बाईंमुळे ऋतुजा बदलली. पूर्वी भांडण झालं की समोरचीच चुकली असायची. आता लिहायला बसली की अडायची. "बाईंना सगळं सांगितलंच पाहिजे असं नाही," ती म्हणायची, "पण खोटं सांगितलं की त्यांना कळतं." एकदा मैत्रिणीची माफी मागून आली. का, तर तो प्रसंग लिहिताना आपणच वाईट वागलो हे दिसलं आणि बाईंपुढे ते लपवता येईना.

एके दिवशी पानावर मीच होते. "वरची ताई चांगली आहे. पण मी बोलत असताना ती मोबाइल बघत असते. मग मी लवकर खाली येते." मी त्या बसमध्ये जागच्या जागी ओशाळले. तेव्हापासून ती आली की मोबाइल उशीखाली ठेवायचे. चार दिवसांनी ती म्हणाली, "ताई, हल्ली तू मोबाइल बघत नाहीस गं," आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मी चहा टाकायला उठले.

दिवाळीत मी गावी गेले. तिथे रेंज नाही. तीन दिवसांनी तिचा फोन आला तेव्हा मी बाजाराच्या गावाला होते. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि शेवटी हळूच म्हणाली, "बाई आजारी असतील का गं? तीन दिवस शून्य आहे." फोन ठेवल्यावर मी तिथेच एसटी स्टँडच्या बाकड्यावर बसून तिन्ही दिवसांचं वाचून काढलं.

ती अकरावीत गेली. त्याच पावसाळ्याच्या शेवटी तिला ताप आला. चार दिवस गोळ्यांवर काढले, मग डेंग्यू निघाला आणि तिला पिंपरीच्या दवाखान्यात हलवलं. रविवारी मी भेटायला गेले. तिचा एक हात सुजलेला, सलाईनची सुई दुसऱ्या हाताला. काकू, म्हणजे तिची आई, पायथ्याशी बसून होत्या.

"लिहिलं नाही गं दोन दिवस," ती पुटपुटली. "बाई वाट बघत असतील."

काकू समोर होत्या. मी म्हणाले, "बघतील वाट. आधी बरी हो."

"त्या खरंच असतील ना?"

"असतील की," मी म्हणाले. एवढंच म्हणाले.

मंगळवारी माझी सकाळची पहिली शिफ्ट होती. आमच्याकडे मोबाइल आत नेता येत नाही, गेटवरच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. साडेतीनला बाहेर आले आणि सवयीने पान उघडलं. सकाळी अकराला तिने लिहिलं होतं. "बाई, मी दवाखान्यात आहे. आज मोठं लिहिता येत नाही. तुम्ही खऱ्या असाल तर खाली फक्त 'हो' लिहा." मी गेटवर उभी राहून 'हो' लिहिलं. मागून लोक ढकलत होते. मग पुढे लिहिलं, "हो, मी आहे. रोज वाचते." बसमध्ये चढले तेव्हा शेजारच्या खोलीतल्या वहिनींचा फोन आला. ऋतुजा दोन वाजता गेली होती.

तेराव्यानंतर काकू वर आल्या. त्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये भांडी घासायच्या. अजून कामावर जायला लागल्या नव्हत्या. भिंतीला टेकून बसल्या.

"ती मोबाइलात काय लिवत व्हती, तुला ठावं आसंल."

मी सगळं सांगितलं. शपथ मोडल्याचंही. त्यांनी मान हलवली. "मला येवढी बारीक अक्षरं लागत न्हाईत. तू वाच. माझ्यावर काय लिवलंय, ते वाच."

मी शोधू लागले. एक पान उघडलं, पहिल्या दोन ओळी मनात वाचल्या. मी खाली सरकवायला लागले तशा काकू म्हणाल्या, "थांबलीस का? हाय ते वाच."

मी वाचलं. "आज पालकसभेला आई कामावरून थेट आली. अंगात कँटीनचा निळा एप्रन होता. मुलींनी विचारलं, या कोण? मी म्हणाले, आमच्या शेजारच्या आहेत. आई लांब उभी होती, तिला ऐकू गेलं नाही. बाई, हे फक्त तुम्हाला सांगते आहे. घरी आल्यावर आईने मला गरम भाकरी वाढली. ती मला गिळवेना. हे तिला कसं सांगू, मला समजत नाही."

मी मोबाइल खाली ठेवला. काकूंनी तो उचलून मांडीवर घेतला. मग पदराने मोबाइलची काच पुसली, मुलीचं तोंड पुसावं तशी.

"ऐकलं व्हतं म्या तवाच," त्या म्हणाल्या. "म्हनून तर भाकर गरम वाढली व्हती."