नाव किती बदललेलं चालेल?

दोन महिन्यांपूर्वी एका शनिवारी सकाळी, कॅनडात मार्कहॅमच्या आमच्या घरी, बेसमेंटमधल्या प्रिंटरवर एक कागद पडलेला दिसला. नाव नोंदवण्याचा अर्ज. वर बायकोचं नाव, आणि 'हवं असलेलं नाव' या रकान्यात... हायाशी मात्सु.

कागद मी दोनदा वाचला. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं.

स्नेहल वर्षभर दर दुसऱ्या शनिवारी एका ग्रुपमध्ये जाते, एवढं मला माहीत होतं. मध्ययुगातल्या लोकांसारखे कपडे शिवायचे, वेताच्या तलवारींनी लढायचं, त्या काळचं जेवण रांधायचं, असला तो ग्रुप. ती तिथे रेशमाचे गोफ विणते. लायब्ररीत भेटलेल्या एका जपानी आजींनी तिला ते शिकवलं, तेव्हापासून आमच्या घरात किल्ल्यांपासून माझ्या चष्म्यापर्यंत सगळ्याला गोफ आहेत.

इथपर्यंत तक्रार नव्हती. पण नाव? मी खेड्यातल्या शाळेत शिकलेला माणूस. आमच्याकडे नाव बदलायचं ते दत्तक जाताना, संन्यास घेताना, नाहीतर पोलीस मागे लागल्यावर.

मग मी लक्ष ठेवू लागलो. लिहिताना लाज वाटते, पण ठेवलं. तिच्या फोनवर 'हेरल्ड' नावाच्या कुणाचे तरी मेसेज यायचे. 'पुरावा मिळाला का?' असा एक मी ओझरता वाचला. कसला पुरावा? ग्रुपच्या फोटोत खुर्चीवर मुकुट घातलेला एक जण आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून बसलेली माणसं... हा काहीतरी पंथ असणार, असं मी जवळजवळ ठरवूनच टाकलं. संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना ती शेजारी हात जोडून उभी राहायची, तेव्हाही मनात यायचं, हे हात नक्की कुणाला जोडलेत?

वॉटर्लूला शिकणाऱ्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, इट्स अ हॉबी. यू शुड गेट वन."

शेवटी स्नेहलला म्हटलं, पुढच्या वेळी मीही येतो. तिने जरा निरखून पाहिलं. "बघायला येताय की तपासायला?" मी म्हटलं, बघायला. खोटं बोललो.

ग्रुप जमतो ती जागा म्हणजे एका शाळेची जिम होती. हेरल्ड हे माणसाचं नाव नाही, हुद्दा निघाला. ग्रुपमधल्या लोकांची नावं आणि चिन्हं तपासून नोंदवणारा. साठीचे एक गृहस्थ, पांढरी दाढी, अंगात लोकरीचा लांब झगा आणि समोर लॅपटॉप.

पुरावा म्हणजे, चारशे वर्षांपूर्वी जपानात हे नाव खरंच कुणाचं तरी होतं याचा पुरावा. स्नेहलने जुन्या पुस्तकांतल्या पानांच्या झेरॉक्स नेल्या होत्या, आजींनी पेन्सिलने खुणा केलेल्या. तिकडे आडनाव आधी येतं, म्हणून हायाशी आधी. तिचं चिन्ह म्हणजे वर्तुळात उभा एक करकोचा. गृहस्थांनी ते शब्दांत लिहून काढलं, कारण नुसतं वाचून कुणालाही ते पुन्हा काढता आलं पाहिजे. मी शेजारी बसून प्रत्येक ओळ वाचत होतो. यात काहीतरी मेख असणारच.

निघालीच. या नावाच्या फार जवळचं नाव ग्रुपमधल्या एका बाईने आधीच नोंदवलेलं होतं. मनात म्हटलं, झालं... आता म्हणतील, तुमचं चालत नाही.

पण गृहस्थांनी अर्जातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. म्हणाले, "दोन वाटा आहेत. त्या बाईंची लेखी परवानगी घ्यायची, नाहीतर नाव थोडं बदलायचं. पण तुम्हाला विचारल्याशिवाय मी तुमचं नाव बदलू शकत नाही. किती बदल चालेल? थोडा, बराच, की अजिबात नाही? इथे खूण करा."

स्नेहल त्या तीन चौकोनांकडे बघत बसली. इतका वेळ, की रांगेत मागे कुणीतरी खाकरलं. मग तिने पेन दाबून 'अजिबात नाही'वर खूण केली.

माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे मला पहिल्यांदाच कुणी विचारतंय हो."

कळायला मला थोडा वेळ लागला.

माहेरची ती मंगल. आमच्या घरात थोरली वहिनीही मंगल, एका घरात दोन कशाला, म्हणून आईने 'स्नेहल' सुचवलं. लग्नात भटजींनी तांदळाचं ताट पुढे केलं, मी अंगठीने ते नाव लिहिलं, सगळ्यांना पेढे वाटले. ती शेजारीच बसली होती. हिला विचारावं, असं मांडवभर माणसांत कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही. वहिनी तर समोरच उभी होती... तिची काही हरकत नसती. पण विचारलं असतं तर ना.

त्या दुसऱ्या बाई दोन टेबलं सोडून भरतकाम करत होत्या. त्यांनी करकोचा बघितला, छान आहे म्हणाल्या आणि दोन मिनिटांत परवानगी लिहून दिली.

परत येताना गाडीत मी विचारलं, "घरी तुला कुठल्या नावाने हाक मारू?"

तिने मांडीवरच्या झेरॉक्स नीट लावून पिशवीत ठेवल्या. मग म्हणाली, "विचार करून सांगते."

याला तीन आठवडे झाले. तिने अजून सांगितलेलं नाही आणि मी घाई केलेली नाही. चोवीस वर्षं उशिरा विचारलेला प्रश्न आहे, वेळ लागणारच... उत्तर ऐकायला देवाने दोघांनाही इथवर ठेवलं, हेच पुष्कळ.

ही पोस्ट टाकण्याआधी तिला वाचायला दिली. यात स्नेहल लिहिलंय, चालेल का, विचारलं. "पोस्टपुरतं चालेल," म्हणाली.

घरात सध्या 'अगं'वर भागवतोय.