मामांचा दुसरा झोत

रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात तिला सगळे पुसणीबाई म्हणत. अहो, कामच तसं! अँटेनांनी आकाशातून रेडिओलहरी टिपायच्या, त्यांचं चित्र बनायचं आणि त्यातला कचरा हिने दिवसभर डोळे फोडून पुसायचा. आता ते काम कृत्रिम बुद्धिमत्ता करणार होती. धुरकट चित्र घाला, लख्ख चित्र घ्या.

बाईने पहिलं चित्र घातलं ते मामांच्या दीर्घिकेचं. तिचे मामा याच केंद्रातले जुने शास्त्रज्ञ. या दीर्घिकेच्या पोटातून एक नाही, दोन झोत उसळतात, असं त्यांनी ऐन उमेदीत छातीठोकपणे सांगितलं आणि जन्मभराचं हसं करून घेतलं. आता ते अंथरुणाला खिळले होते, पण भाची आली की पहिला प्रश्न तोच.

पडद्यावर दोन झोत! बाई खुर्चीतून उडालीच. मामांकडे धावत निघाली आणि जिन्यातच थबकली. यंत्राला शिकवायला नमुन्याची चित्रं तिनेच निवडली होती. छान, ठसठशीत आणि बहुतेक सगळी दुहेरी झोतांची! पोराला एकच पाढा शिकवला तर ते दुसरं काय म्हणणार?

ती परत फिरली. जिला एकच झोत आहे याची खात्री होती, अशी दीर्घिका घातली. यंत्राने एकच दाखवला. हुश्श! तशीच आणखी एक घातली, तर तिला नसलेला झोत फुटला. घ्या! बाईने डोकं धरलं. मामांचा झोत खरा, की हिच्या निवडीचा? मूळ धुरकट चित्र बघावं, तर त्यात काहीही दिसू शकत होतं.

"अगं, दे सांगून दोन म्हणून," साहेब म्हणाले. "म्हाताऱ्याला तेवढंच बरं वाटेल."

तिलाही तेच हवं होतं, हेच तर दुखणं होतं.

संध्याकाळी ती मामांच्या उशाशी बसली.

"काय गं, दिसला?"

"दिसतोय, मामा. पण तो मीच यंत्राला शिकवलेला असेल. खरा असेलही, नसेलही. मला काही म्हणजे काही कळत नाहीये हो!" तिला रडूच फुटलं. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडचा घास काढल्यासारखं वाटलं.



"नाहीच, असं नाही ना म्हणालीस?"

"नाही."

"आजवर सगळे नाहीच म्हणाले गं," मामा म्हणाले आणि त्यांनी तिचा हात घट्ट धरला.