किड्याचं डोकं

तंजावूरच्या आमच्या कॉलेजात आठ महिने मी एका गांधीलमाशीच्या पोटात शिरून बसले होते. गांधीलमाशी आपली म्हणायची; दुसऱ्या किड्याच्या अंड्यात वाढणारी ही जात, धुळीच्या कणाएवढी. तिला राळेत घट्ट बसवायचं, काचेच्या सुरीनं पातळ काप काढायचे आणि सुरीपुढच्या पाण्यावर तरंगणारे ते काप, काडीला चिकटवलेल्या पापणीच्या केसानं उचलायचे. पापणी माझीच. वारा लागला की काप गेलेच, म्हणून खिडक्या बंद, फॅन बंद. मे महिन्यात तंजावुरात असं बसून पाहावं, म्हणजे कळेल.

तिच्या आत नुसती दाटीवाटी. हृदयाला जागाच नाही. कोषातून बाहेर यायच्या आधी मेंदूच्या बहुतेक पेशी आपली केंद्रकंसुद्धा टाकून देतात, नाहीतर मेंदू डोक्यात मावायचा नाही. मला तिची कीव यायला हवी होती. यायचा तो राग.

पुण्याची नोकरी पक्की होती, पण महिनाअखेर प्रबंध दिला तरच. फक्त डोकं राहिलं होतं. शाबूत उरलेल्या शेवटच्या माशीच्या डोक्याचे सलग काप पाण्यावर होते, तेवढ्यात आई दहीभाताचा डबा घेऊन दारात आली.

"घामानं भिजलीस की गे. फॅन घालू?"

मी ऐकलं. नको म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण त्या खोलीचा मला वीट आला होता, आणि पुण्याचीही धास्ती होतीच. तिथं भाड्याची खोली, आमच्या तंजावुरी मराठीला हसणारी माणसं आणि पुन्हा असलंच एक टेबल. मी गप्प बसले. आईनं बटण दाबलं.

वारा अंगाला लागला तेव्हा इतकं बरं वाटलं, की माझी मलाच लाज वाटली. पाण्यावर काही उरलं नव्हतं.

काय झालं ते कळल्यावर आई मला घेऊन माझ्या सरांकडे गेली. हात जोडून तमिळमध्ये म्हणाली, "पोरीला बोलू नका. ती नको म्हणाली असणार. मला हल्ली ऐकायला कमी येतं."

आईला दोन घरं पलीकडच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. मी तिच्या शेजारी उभी होते, आणि तेव्हाही गप्पच राहिले.