रूफस पेटवेची साक्ष

अमेरिकेतल्या हंट्सव्हिलच्या क्षेपणास्त्रांच्या कारखान्यात रूफस पेटवे तारा जोडायचा. हात इतका साफ की मुकादम त्याचं काम तपासायचाही नाही. पण पुढचं सगळं काम कुलपाआडच्या शेडमध्ये जाणार होतं. तिथे पाऊल टाकायचं तर सरकारची परवानगी हवी. ती नाही मिळाली तर घरी बसायचं.

अर्जात विचारलं होतं, अलीकडच्या वर्षांत नशा केली का? रूफस कालपरवापर्यंत दर शनिवारी चुलतभावांबरोबर तळ्याकाठी गांजा ओढत होता. आई गेली आणि त्याने तो सोडला, तोही चारचौघांत. चर्चमध्ये उभं राहून, रडत रडत त्याने सगळं कबूल केलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरकारला सांगायची वेळ आली तेव्हा मात्र त्याची पाचावर धारण बसली.

मेव्हणा लेमार त्याच कारखान्यातला. अक्कल पाजळायला असले मेव्हणे बरे वेळेवर हजर असतात. म्हणाला, "नाही लिही आणि मोकळा हो. देवाला सांगितलंस ना? सरकार काय देवापेक्षा मोठं लागून गेलंय?"

रूफसने 'नाही' लिहिलं. सरकारने पाठवलेल्या चौकशीवाल्या बाईंसमोरही तो नाहीच म्हणाला.

मग त्या बाई नेहमीप्रमाणे शेजारीपाजारी फिरल्या. पलीकडच्या घरातल्या मिस ओडेसा चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवायच्या. रूफस त्यांच्या डोळ्यांसमोर वाढलेला. त्यांनी बाईंना ओसरीवर बसवलं, बर्फ घातलेला गोड चहा दिला, आणि पोराचं भलं व्हावं म्हणून जीव ओतून बोलल्या.

"सोन्यासारखं पोरगं आहे हो. परवापरवापर्यंत गांजाच्या पार आहारी गेलं होतं, पण आई गेली आणि भर चर्चमध्ये कबूल करून सोडला बघा. इतका खरा माणूस तुम्हाला शोधून सापडायचा नाही."

नकार आला. गांजा सरकारने पोटात घातला असता, खोटं नाही घातलं. कारखान्यात शेजारच्या बाकावर काम करणाऱ्या ट्रुइटने तर गांजाच्या पुढची मजल मारलेली. पण त्याने सगळं लिहून टाकलं, आणि तो आज कुलपाआड काम करतोय. रूफस लेमारवर उसळला, तूच मला खड्ड्यात घातलंस म्हणाला. लेमारने खांदे उडवले. त्यानेही कधीकाळी 'नाही'च लिहिलं होतं. त्याच्या शेजारी कुणी मिस ओडेसा राहत नव्हती, एवढंच.

रूफस आता दूरच्या गावी कोंबड्या कापायच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभा असतो. मिस ओडेसांना त्याने सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडाने सांगणार? त्या गावभर सांगत सुटल्यात, मी चार शब्द बोलले म्हणून पोराचं झालं. आणि काम गुप्त, तेव्हा कुणी खोदून विचारतही नाही.

परवाच्या रविवारी तो घरी आला होता, तेव्हा त्यांनी त्याला भर चर्चमध्ये उभं केलं. "सांग बाळा, खरं बोललास म्हणून देवाने तुला कुठे नेऊन बसवलं ते."

रूफसने घसा साफ केला. "सरकारी कामावर आहे," तो म्हणाला. "देवाच्या कृपेने छान चाललंय."

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. ज्या एका जागी तो कधी खोटं बोलला नव्हता, तिथेही आता बोलून झालं होतं. मिस ओडेसा डोळे पुसत टाळ्या वाजवत होत्या.