मुळात गवत

"नोडप्पा, बघ बाबा, हे मुळात गवत होतं." समोर दूध असो, बकरी असो की माझं सुटलेलं पोट, काका बोट दाखवून हेच म्हणायचे. म्हैसूरच्या एका कॉलेजात जन्मभर जीवशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळून त्यांनी हूटगळ्ळीत माझ्या शेजारी घर बांधलं होतं.

त्यांच्या पाण्याच्या टाकीखाली गव्हाणी घुबडांची जोडी राहायची. घुबडांनी ओकलेले गोळे काका वर्तमानपत्रावर ठेवून काकूंच्या अंबाड्यातल्या आकड्यानं उकलायचे. आत उंदरांच्या कवट्या.

"पोतंभर दाणे, तेव्हा चार उंदीर. टोपलीभर उंदीर, तेव्हा एक पिल्लू. बाकीचं बळ वाटेत सांडतं." मला हे पाठ झालं होतं, कळलं नव्हतं.

एकदा उंदरांनी माझ्या स्कूटरची वायर कुरतडली. मी उरलेल्या रागीमुद्देत, नाचणीच्या उकडलेल्या गोळ्यात, विष कालवून गोळ्या भिंतीशी ठेवल्या. आठवडाभरात दोन्ही घुबडं काकांच्या अंगणात मरून पडली. ते विष खाल्लेले उंदीर त्यांनी खाल्ले होते.

काकांनी एक उरलेली गोळी शोधली, आकड्यानं फोडली.

"बळ सांडतं, विष सांडत नाही," ते म्हणाले. "रागीतून दिलंस ना? आता रागीतूनच घे."

तुम्हालाही असे शेजारी भेटले असतील, रागावले तरी न भांडणारे. भांडले असते तर परवडलं असतं. काकांनी भिंतीच्या कडेनं रागी पेरली आणि पिकल्यावर कापलीच नाही. उंदीर दाणे खायला तिकडे जायचे, राहायला माझ्याकडे. उशा गेल्या, चपला गेल्या, बायकोची म्हैसूर सिल्क गेली. काका खुर्ची टाकून बघत बसायचे. "तुझ्या स्कूटरच्या सीटवरचा तो, मुळात रागी."

दोन वर्षांनी मी हात जोडले. "काका, चुकलो. आता पुरे करा."

"मी कोण पुरे करणारा? घुबड येईल, ते करेल."

"तोवर?"

"तोवर पोस."

पुढे ते अंथरुणाला खिळले. मी रागीची आंबील घेऊन गेलो. त्यांनी आधी वास घेतला, मग प्याले. मला रडू आलं. त्यांनी माझा हात थोपटला आणि म्हणाले, "माफ नाही केलं, हं."

काका गेले. त्या पावसाळ्यात भिंतीची कड मोकळीच होती. विचारणारं कोणी नव्हतं, मी सुटलो होतो. तरी काकूंना सांगून मी ओंजळभर रागी तिथे पेरली.

परवा पुन्हा वायर बदलली. टाकीखाली अजून कोणी आलेलं नाही.